प्लेबुक रिकाम्या मशीनवर चालतं का? सांगलीत बसून सीआय टेस्टिंग लावताना

ॲन्सिबल म्हणजे सर्व्हरवर काय काय बसवायचं ते फाइलमध्ये लिहून आपोआप करून घ्यायचं टूल. त्या सूचनांची फाइल म्हणजे प्लेबुक, आणि एकेका कामाच्या सूचनांचा गठ्ठा म्हणजे रोल. असे रोल लिहिणारे लोक आपल्याकडे आता बरेच आहेत, पण ते रोल आपोआप टेस्ट व्हावेत म्हणून सीआय (कोड बदलला की आपोआप तपासणी चालवायची व्यवस्था) लावलेलं कुणी मला सांगली-मिरजेत विचारत फिरूनही पटकन सापडलं नाही. मी हे काम जून २०२४ मध्ये सुरू केलं आणि डिसेंबरात ते नीट चालायला लागलं. कुठं काय अडलं, कशासाठी किती थांबावं लागलं, पैसे किती गेले, सगळं तारखांसकट लिहितेय, कारण मला तेव्हा असं कुणीतरी लिहिलेलं वाचायला हवं होतं.

आधी आमच्या कामाबद्दल थोडं. विश्रामबागेत छोटं ऑफिस आहे, सर, मी आणि एक ज्युनियर मुलगा. सांगलीतल्या पतसंस्था, मिरजेतली हॉस्पिटलं, तासगाव बाजूची बेदाण्याची कोल्ड स्टोरेज, यांचे लिनक्स सर्व्हर आम्ही सांभाळतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात एका ग्राहकाचा सर्व्हर पाण्यात गेला. बॅकअप दुसरीकडं होता म्हणून डेटा वाचला, पण नवीन मशीन आणून त्यावर सगळं परत बसवायचं म्हणजे कुठली पॅकेजेस होती, फायरवॉलमध्ये कुठले पोर्ट उघडे होते, रात्रीचा बॅकअप कुठल्या युजरनं चालायचा, हे आठवून आठवून करावं लागलं आणि त्यात दिवस गेले. तेव्हा सरांनी ठरवलं की इथून पुढं सर्व्हरवर हातानं काही बदलायचं नाही, जे करायचं ते प्लेबुकमधून. होता होता चौदा रोल झाले.

पण एक गोष्ट मला सारखी टोचायची. आम्ही प्लेबुक चालवायचो ते चालू सर्व्हरवर, जिथं निम्म्या गोष्टी आधीच बसलेल्या असतात. तिथं सगळं हिरवं आलं याचा अर्थ एवढाच होतो की आज त्या सर्व्हरला बदलायला फारसं काही नव्हतं. उद्या परत पाणी आलं आणि कोरं मशीन हातात आलं तर हे चौदा रोल त्यावर शेवटपर्यंत जातील का, हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि मूळ हेतू तर तोच होता. सीआय म्हणजे आमच्या बाबतीत एवढंच: कुणी रोलमध्ये बदल ढकलला की आपोआप कोरं मशीन उभं राहायचं, त्यावर रोल चालायचा, तपासणी व्हायची आणि मशीन मोडून टाकायचं.

घाई करायला कारणही होतं. सेंटओएस ७ या लिनक्स ओएसचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपणार होता आणि आमच्या बहुतेक ग्राहकांचे सर्व्हर त्यावरच. सगळ्यांना अल्मालिनक्स ९ वर न्यायचं ठरलं (त्याला २०३२ च्या मेपर्यंत सपोर्ट आहे). हे करायचं तर प्रत्येक रोल नव्या ओएसवर चालतो हे आधी बघायलाच हवं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लॅपटॉपवर मॉलेक्यूल टाकलं. ॲन्सिबलचे रोल टेस्ट करायचं हे टूल, त्याच्या एका कमांडमध्ये कंटेनर (आपल्या मशीनच्या आतच उभं राहणारं हलकं, कोरं मशीन) बनवणं, रोल चालवणं, तोच रोल परत एकदा चालवणं, तपासणी आणि शेवटी सगळं पुसणं असं क्रमानं होतं. इंटरनेटवरच्या जुन्या ट्युटोरियलमध्ये कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचा ड्रायव्हर त्यातच येतो असं लिहिलेलं असतं, पण आता तो मॉलेक्यूल-प्लगिन्स या वेगळ्या पॅकेजमध्ये गेलाय, ते वेगळं टाकावं लागतं. ते टाकलं तर एरर आला, नॉट सपोर्टेड यूआरएल स्कीम एचटीटीपी प्लस डॉकर. मी डॉकर परत बसवलं, परमिशन बघितल्या, ग्रुप बघितले, काही फरक नाही. कारण वेगळंच निघालं. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीचं २.३२ व्हर्जन २० मे ला आलं होतं आणि डॉकरची जी पायथन लायब्ररी माझ्याकडं होती ती जुनी, तिचं आणि याचं जमत नव्हतं. डॉकरच्या लायब्ररीचं ७.१.० टाकल्यावर चालू झालं. तेव्हापासून टेस्टसाठी लागणाऱ्या प्रत्येक लायब्ररीचं व्हर्जन आकड्यासकट रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये लिहिलंय, आणि ते वाढवायचं तर वेगळी पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडात घ्यायची विनंती) करायची असा नियम केलाय. तुम्ही सुरुवात करत असाल तर हे पहिल्याच दिवशी करा, नाहीतर कालपर्यंत चालणारी पाइपलाइन एके सकाळी लाल दिसते आणि आपण आपल्या रोलमध्ये दोष शोधत बसतो.

व्हर्जनवरूनच अजून एक. मे २०२४ मध्येच आलेल्या ॲन्सिबल-कोअर २.१७ नं टार्गेट मशीनवरच्या पायथन २.७ आणि ३.६ चा सपोर्ट काढून टाकला. सेंटओएस ७ वर २.७ आहे. म्हणजे जुन्या सर्व्हरशी बोलायचं असेल तर २.१६ वरच थांबावं लागतं, आम्ही तेच केलं.

मग लिंट, म्हणजे कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारी तपासणी. ॲन्सिबल-लिंट पहिल्यांदा चालवलं तेव्हा स्क्रीन भरून वॉर्निंग वाहत गेल्या, ज्युनियर म्हणाला, "ताई, हे सगळं दुरुस्त करायचं?" नाही करायचं. लिंटला प्रोफाइल असतात, मिन, बेसिक, मॉडरेट, सेफ्टी, शेअर्ड, प्रॉडक्शन अशी चढती. सगळ्यात खालच्या मिनपासून सुरुवात केली, तेवढं हिरवं झालं की पुढची पायरी. आज आम्ही सेफ्टीवर आहोत आणि तिथं बरं चाललंय. जुन्या कोडवर पहिल्याच दिवशी प्रॉडक्शन प्रोफाइल लावली तर टीममधली माणसं लिंट बंद कसं करायचं ते शोधायला लागतील असं मला वाटतं.

आता जे मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते, रोल दुसऱ्यांदा चालवायची पायरी. तोच रोल लगेच परत चालवला तर एकही टास्क चेंज्ड (म्हणजे काहीतरी बदललं) दिसायला नको असा नियम. पहिल्या फेरीत आमचे बरेच रोल यात अडकले आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. एका टेम्प्लेटमध्ये वरती फाइल बनवल्याची तारीख-वेळ छापली जायची, म्हणजे दर वेळी फाइल वेगळी, आणि फाइल बदलली म्हणून सर्व्हिस रीस्टार्ट. पासवर्डचं हॅश (परत न उलगडणारं रूप) करताना सॉल्ट (त्यात मिसळायचा अक्षरांचा तुकडा) दिलेलं नव्हतं, त्यामुळं दर वेळी नवीन सॉल्ट, नवीन हॅश, आणि युजर बदलला असं दिसायचं. तिथं युजर पहिल्यांदा बनतानाच पासवर्ड घालायचा पर्याय वापरला. शेल आणि कमांडवाले टास्क तर स्वतःहून कायम चेंज्डच सांगतात, त्यांना क्रिएट्स किंवा चेंज्ड-व्हेन (कधी चालायचं किंवा कधी बदल धरायचा याची अट) द्यावं लागतं. वरवर हे किरकोळ वाटतं, पण पतसंस्थेत भर दुपारी पिग्मी एजंटांचा भरणा चालू असताना आपण फायरवॉलचा एक पोर्ट उघडायला प्लेबुक चालवलं आणि त्या तारखेच्या ओळीमुळं डेटाबेस रीस्टार्ट झाला, तर काउंटरवरच्या माणसाला त्याचा त्रास होतो. म्हणून ही पायरी मी कुठल्याच रोलला माफ केली नाही.

जूनअखेर लॅपटॉपवर बहुतेक रोल उबंटू २२.०४ आणि अल्मा ९ च्या कंटेनरमध्ये चालायला लागले. सेंटओएस ७ मात्र कंटेनरमध्ये उठेचना. त्याचं सिस्टमडी (सर्व्हिस सुरू करणारा भाग) २१९ व्हर्जनचं, आणि उबंटू २२.०४ होस्टवर असतं सीग्रुप व्ही२ (प्रोसेसना मेमरी-सीपीयू वाटून द्यायची नवी पद्धत), जे त्या जुन्या सिस्टमडीला कळत नाही. होस्टचं कर्नल पॅरामीटर बदलून जुन्या पद्धतीवर जाता येतं, पण बाकी सगळं नवीन असताना एका मरणाऱ्या ओएससाठी होस्ट मागं नेणं मला पटलं नाही. ते पुढं व्हीएममध्ये (पूर्ण आभासी मशीनमध्ये) करायचं म्हणून बाजूला ठेवलं. त्यात १ जुलैनंतर सेंटओएसची मिररलिस्ट (पॅकेजेस कुठून उतरवायची त्या पत्त्यांची यादी) बंद झाली, पॅकेजेस बसवणारं यम काहीच डाउनलोड करेना, ते पत्ते व्हॉल्टकडं (जुन्या पॅकेजेसच्या साठ्याकडं) वळवावे लागले.

पुढचा टप्पा हे सगळं गिटहबवर (आमचा कोड असतो त्या साइटवर) आपोआप चालवायचा, आणि इथं पैशाचा विषय आला. आमची रेपो (कोडचं भांडार) प्रायव्हेट, फ्री प्लॅनवर त्यांच्या मशीनची महिन्याला २,००० मिनिटं मिळतात. चौदा रोल, दोन ओएस, एकेक जॉब साधारण पाच मिनिटांचा, म्हणजे एका पूर्ण फेरीला १४० मिनिटं. महिन्यात चौदा फेऱ्या झाल्या की संपलं. आम्ही कामाच्या दिवसात त्याहून जास्त वेळा कोड ढकलतो. म्हणून दोन गोष्टी केल्या. एक, पुल रिक्वेस्टवर फक्त ज्या रोलच्या फोल्डरमध्ये बदल झालाय तेवढ्याच टेस्ट, आणि सगळ्यांची पूर्ण फेरी रात्री. दोन, स्वतःचा रनर (गिटहबचे जॉब चालवणारं आपलंच मशीन), कारण स्वतःच्या मशीनवर चाललेली मिनिटं त्या दोन हजारात धरली जात नव्हती.

रनरला मशीन हवं, त्यासाठी सरांना विचारलं. सरांचं म्हणणं असं, की ग्राहक पैसे देतो सर्व्हर चालू ठेवायचे, टेस्टचे देत नाही. त्यांचं चूक नव्हतं, महिन्याचं गणित त्यांनाच बसवायचं असतं. विषय तसाच राहिला. मग १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीचं ते बिघडलेलं अपडेट आलं, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. संध्याकाळी सर स्वतःच टेबलापाशी आले आणि म्हणाले, "आपण एकाच वेळी सगळ्या पतसंस्थांवर प्लेबुक चालवतो ना गं?" मी म्हणलं, होय सर. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीतला जुना आय५ डेस्कटॉप मला मिळाला. रॅम वाढवून १६ जीबी आणि नवी एसएसडी मिळून साडेसहा हजार, यूपीएसची बॅटरी बदलायला एकवीसशे.

रनर बसवायला मला सगळ्यात जास्त भीती नेटवर्कची होती. आमच्या ब्रॉडबँडला स्टॅटिक आयपी नाही, एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, बाहेरून आत यायला रस्ताच नाही. पण तो लागतच नाही. रनर स्वतः ४४३ पोर्टवरून बाहेर गिटहबला विचारत राहतो की काही काम आहे का, राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावा लागला नाही. गावाकडच्या साध्या कनेक्शनवरही हे जमेल, एवढ्यासाठी मुद्दाम लिहिते. लाइट गेली आणि रनर बंद पडला तरी जॉब रांगेत थांबतो, चोवीस तासांत रनर परत आला तर चालतो, नाहीतर रद्द होतो. एकच पथ्य कडक पाळा, रेपो पब्लिक असेल तर स्वतःचा रनर जोडू नका. कुणीही फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) पुल रिक्वेस्ट टाकेल आणि त्याचा कोड तुमच्या ऑफिसातल्या मशीनवर चालेल.

त्या वाटलेल्या आयपीचा त्रास दुसरीकडून आला. डॉकर हबवर (कंटेनरच्या तयार इमेज जिथून मिळतात तिथं) लॉगिन न करता एका आयपीला सहा तासांत १०० पुल (डाउनलोड) अशी मर्यादा नोव्हेंबर २०२० पासून होती, आणि त्या आयपीवर आमच्यासोबत अजून कोण कोण आहे देव जाणे, सकाळी पहिल्याच जॉबला टू मेनी रिक्वेस्ट्स. फ्री अकाउंटनं लॉगिन केलं तर मर्यादा तेव्हा २०० व्हायची, पण खरा उपाय म्हणजे रनरवरच एक लोकल रजिस्ट्री मिरर ठेवला. इमेज एकदा खाली आली की पुढं तिथूनच मिळते, नेटचा वेळही वाचतो.

जुलैच्या शेवटी कृष्णेचं पाणी वाढायला लागलं तसं हे काम थांबवून आम्ही ग्राहकांकडं फिरत बॅकअप तपासत होतो. ऑगस्टच्या मध्यावर परत बसले.

रात्रीच्या फेरीसाठी वर्कफ्लोमध्ये (काय कधी चालवायचं ते गिटहबला सांगणाऱ्या फाइलमध्ये) क्रॉन म्हणजे वेळापत्रक लिहितात ते यूटीसीमध्ये (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) असतं. पहाटे दोनला चालवायचं तर आदल्या रात्रीचे साडेआठ, म्हणजे तीस मिनिटं आणि वीस तास असं लिहायचं. आणि जे जॉब गिटहबच्या मशीनवर ठेवलेत (लिंटचे ठेवलेत, ते हलके असतात) तिथं उबंटू-लेटेस्ट न लिहिता उबंटू २२.०४ असं स्पष्ट लिहिलं. लेटेस्टचा अर्थ त्यांच्या सोयीनं बदलतो, डिसेंबरात तो २४.०४ कडं सरकायला लागला तेव्हा आम्हाला काही करावं लागलं नाही.

आता टेस्ट लाल असेल तर बदल मर्ज होऊच नये (मुख्य कोडात मिसळूच नये) असं करायचं होतं. त्यासाठीचं ब्रँच प्रोटेक्शन प्रायव्हेट रेपोला फ्री प्लॅनवर मिळत नाही, टीम प्लॅन लागतो, तेव्हा माणशी महिना ४ डॉलर. तिघांचे वर्षाचे १४४ डॉलर, साधारण बारा हजार रुपये, वर कार्डाचा परकीय चलनाचा चार्ज. गिटहबसारखंच गिटलॅब स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं असतं तर हे फुकट मिळालं असतं, पण सांभाळायला अजून एक सर्व्हर मला नको होता. सर हो म्हणाले, पैसे भरताना मात्र गाडी अडली. ऑफिसच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच होते, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डावर ते मुळात बंद असतात, आपण जाऊन चालू करायचे. बँकेच्या ॲपमधून होईना, शाखेत फॉर्म भरला, त्यावर दोन्ही भागीदारांच्या सह्या लागल्या, आणि एक भागीदार म्हणजे सरांचे मोठे भाऊ राहतात पुण्यात. ते गणपतीला घरी आले तेव्हा सही झाली. दर महिन्याला कापून घ्यायचं ठेवलं तर १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या ई-मँडेटच्या नियमांमुळं परदेशी सबस्क्रिप्शन मध्येच अडकायची शक्यता असते, म्हणून वर्षाचे एकदम भरले. आमच्या सीए मॅडमनी सांगितलं की अकाउंटमध्ये जीएसटी नंबर टाकून ठेवा, परदेशी सेवा म्हणून रिव्हर्स चार्जमध्ये १८ टक्के आपणच भरायचे आणि इनपुट क्रेडिट घ्यायचं. बिल डाउनलोड करून त्यांना लगेच पाठवा, मार्चमध्ये शोधायला लागू नये.

सप्टेंबरात तपासणीच्या टेस्ट लिहायला घेतल्या आणि माझ्या मते खरं काम इथं सुरू झालं. रोल एररशिवाय शेवटपर्यंत गेला एवढ्यावर खूश होऊ नये. सर्व्हिस चालू आहे का, पोर्टवर ऐकतेय का, हे टेस्टइन्फ्रा नावाच्या लायब्ररीनं दोन ओळींत तपासता येतं, पण आम्ही ज्युनियरला घेऊन बसलो आणि प्रत्येक रोलसाठी एकच प्रश्न विचारला: हा रोल नीट बसला नाही तर सकाळी दहाला कुणाचा फोन येईल आणि तो काय म्हणेल? त्या फोनची टेस्ट लिहायची. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणं लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, ऑडिटरचा फोन त्यावर येतो, म्हणून लॉगरोटेटच्या (जुने लॉग काढून टाकणाऱ्या टूलच्या) फाइलमधला आकडा तपासणारी टेस्ट. त्याच निर्देशांत घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवायला सांगितलंय, म्हणून क्रोनीच्या (घड्याळ जुळवणाऱ्या सर्व्हिसच्या) फाइलमध्ये ते पत्ते आहेत का याची टेस्ट. घड्याळ खरंच जुळलंय का हे कंटेनरमध्ये तपासण्यात अर्थ नाही, कंटेनरला स्वतःचं घड्याळ नसतं, होस्टचंच असतं. फायरवॉल, कर्नल सेटिंग, रीबूटनंतर सगळं परत उठतं का, हेही कंटेनरमध्ये नीट कळत नाही.

म्हणून रात्रीची फेरी केव्हीएमच्या (लिनक्समधल्या व्हीएम चालवायच्या सोयीच्या) व्हीएमवर नेली. क्लाउड इमेज एकदा उतरवून ठेवायची, प्रत्येक टेस्टला तिच्यावर एक पातळ ओव्हरले डिस्क (फक्त बदल साठवणारी), क्लाउड-इनिटनं (पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग करणाऱ्या टूलनं) युजर आणि की, काम झालं की ओव्हरले पुसायची. अल्मा ९ चं व्हीएम सुरुवातीलाच पॅनिक होऊन मरायचं आणि कन्सोलवर फेटल जीलिबसी एरर, सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२. डेस्कटॉपचा सीपीयू जुना म्हणून असेल असं वाटून मन खट्टू झालं, साडेसहा हजार घालून बसलो होतो. पण सीपीयूत काही कमी नव्हतं. लिबव्हर्टच्या (व्हीएम सांभाळणाऱ्या टूलच्या) एक्सएमएलमध्ये सीपीयू मोड लिहिला नाही तर व्हीएमला क्यूईएमयू६४ नावाचा अगदी साधा सीपीयू दाखवला जातो आणि तो अल्मा ९ ला पुरत नाही. होस्ट-पासथ्रू (होस्टचा सीपीयू आहे तसाच दाखव) लिहिलं, उठलं.

आता जे सापडलं ते सविस्तर सांगते, कारण एवढ्या महिन्यांची मेहनत माझ्या दृष्टीनं त्या एका लाल टेस्टमध्ये वसूल झाली. पतसंस्थेच्या सर्व्हरसाठी रात्रीची टेस्ट अशी होती: सेंटओएस ७ चं व्हीएम, त्यात पोस्टग्रेस या डेटाबेसचं जुनं ९.२ आणि खोटा डेटा, दुसरं अल्मा ९ चं व्हीएम आमच्या रोलनं उभं केलेलं, त्यात पोस्टग्रेस १३. नव्या बाजूच्या डंप कमांडनं जुना डेटा काढायचा, इकडं भरायचा आणि मोजायचं. ग्राहकांचा खरा डेटा टेस्टमध्ये आणायचा नाही हे सरांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, म्हणून सभासदांची नावं आम्ही बनवून टाकली, आणि बनवताना मुद्दाम देवनागरीत टाकली, कारण पासबुकवर तशीच छापली जातात. डंप भरताना एका लांब नावावर एरर आला, व्हॅल्यू टू लाँग. चाळीस अक्षरांचा कॉलम आणि नाव त्याहून बरंच लहान.

लेंग्थ फंक्शनला सांगली हा शब्द देऊन बघितला. उत्तर आलं १८. यायला हवं ६, स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे डेटाबेस अक्षरं न मोजता बाइट मोजत होता. त्याचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) एसक्यूएल-आस्की झालेलं. रोल जेव्हा कोऱ्या मशीनवर पोस्टग्रेसचं क्लस्टर (डेटाबेस ठेवायची जागा) बनवायचा तेव्हा तिथं लँग्वेजचं कुठलंच सेटिंग नसायचं, मग पोस्टग्रेस सी लोकेल (कुठलीच भाषा न ठरवलेलं सेटिंग) धरतो आणि एन्कोडिंग असं होतं. जुने सर्व्हर बसवताना ओएसच्या इन्स्टॉलरमध्ये भाषा निवडली जायची, त्यामुळं तिथं आपोआप यूटीएफ-८ होतं आणि चालू सर्व्हरवर प्लेबुक कितीही वेळा चालवलं तरी हे कधीच दिसलं नसतं. बारापंधरा अक्षरांच्या पुढचं मराठी नाव नव्या सर्व्हरनं घेतलंच नसतं, आणि ते कळलं असतं काउंटरवर. रोलमध्ये लोकेल आणि एन्कोडिंग स्पष्ट लिहिलं, आणि सांगलीचं उत्तर ६ आलंच पाहिजे ही टेस्ट कायमची ठेवली. त्या रात्री घरी जाताना मला फार हलकं वाटलं. मराठी डेटा असलेल्या कुठल्याही सर्व्हरवर ही एक ओळ चालवून बघा, आजच बघा.

सर्व्हर खरोखर हलवायला पतसंस्थेची परवानगी हवी होती. मॅनेजर साहेब म्हणाले, "मॅडम, चालतंय की चांगलं, हलवायचं कशाला?" सेंटओएसला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत हे पत्रात लिहून दिलं. पत्र संचालक मंडळाच्या विषयपत्रिकेवर यायला महिना गेला, मग पितृपंधरवड्यात मीटिंग नाही, मग ठराव झाला पण "दिवाळीच्या ठेवींचा सीझन झाल्यावर" या अटीसकट. ठरावाची प्रत मिळायला अजून थोडा वेळ. हे थांबणं तेव्हा जड गेलं, पण त्या काळात रात्रीची फेरी रोज चालत राहिली आणि लालची कारणं एकेक करत मिटत गेली. पत्राला मी नंतर एक पान जोडलं, रात्रीच्या टेस्टचा साध्या मराठीतला निकाल, काय तपासलं आणि काय आलं. चेअरमन साहेबांनी ते पान मीटिंगमध्ये वाचून दाखवलं असं मॅनेजर म्हणाले. तुम्हाला अशी परवानगी काढायची असेल तर हे पान पहिल्या पत्रालाच जोडा.

१४ डिसेंबर, दुसरा शनिवार, त्या दिवशी हलवलं. आदल्या पहाटेची फेरी हिरवी होती. संध्याकाळी एजंटांचा भरणा संपल्यावर सुरू केलं, कोऱ्या मशीनवर प्लेबुक एकदा चाललं, दुसऱ्यांदा चाललं तेव्हा चेंज्ड शून्य, मग डेटा भरला, सभासदांची संख्या आणि शिलकेची बेरीज जुन्याशी जुळली. सर दहाला घरी गेले, आम्ही अकराला. सोमवारी सकाळी मी मुद्दाम तिथं जाऊन बसले, प्रिंटरचा एक ड्रायव्हर सोडला तर काही अडलं नाही, आणि तो प्रिंटर रोलमध्ये नव्हताच.

त्यानंतर बाकीच्या पतसंस्था आणि एक कोल्ड स्टोरेज असेच गेले. हॉस्पिटलं राहिलीत, तिथं चोवीस तास काम चालतं आणि एक जुनं सॉफ्टवेअर सेंटओएस ७ शिवाय चालणार नाही असं ते पुरवणारे म्हणतात, त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू आहे. रनर मागच्या खोलीतच आहे, उन्हाळ्यात तापतो म्हणून वर एक पंखा लावलाय. ज्युनियर आता नवीन रोल लिहिताना आधी टेस्ट लिहितो आणि मग मला दाखवतो. प्रिंटरचा रोल त्यानंच सुरू केलाय.